होय ना म्हणणाऱ्यांची वही

कृष्णा आणि कोयना जिथं समोरासमोर धावत येऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात, तिथं एक आटपाट गाव आहे, त्याचं नाव कराड. गावात एक जाफर बाइंडर. त्याची म्हातारी आई रहिमतबी, आणि आईविना वाढलेला त्याचा एकुलता एक लेक मतीन. पलीकडं मलकापुरात जाफरचा वर्गमित्र महेंद्र, पलटणीत नायक. त्याची आई चंद्राबाई. एवढीच माणसं. आणि सहावी मी.

मी एक वही बोलतेय. तळहाताएवढी, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. आधीच सांगून ठेवते, मला वाचता येत नाही. माझ्या अंगावर लोकांनी एवढं लिहिलं, पण एक अक्षर मला कळत नाही. वही झाली म्हणून काय झालं? विहीर काय स्वतःचं पाणी पिते? मी आपली खिशात बसून, ऐकून ऐकून शहाणी झालेली. पण जे ऐकलं ते विसरले मात्र नाही.

माझी पानं एका आईची नाहीत बरं का. जाफरच्या दुकानात कापताना जे तुकडे उरतात त्यांतून मी झाले. काही पानं लग्नपत्रिकेच्या कागदाची, काही कॉलेजच्या उत्तरपत्रिकांची, दोन-चार कुठल्याशा दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीची. जाफरनं ती सारखी केली, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवली आणि खळ लावून पुठ्ठ्यात बसवली. त्याची खळ मैद्याची, वर चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर तोंड लावत नाही. या खळीवर ध्यान ठेवा. पुढं तिच्यापायी दोन सरकारांचं काम अडून बसलं होतं.

मला करून घेतलं महेंद्रनं. सुट्टी संपत आली होती, पिशवी भरून झाली होती, तेव्हा तो दुकानात आला. रहिमतबी उंबऱ्यात बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती.

"जाफऱ्या, खिशात मावंल आशी एक वही दे गड्या. नेपाळच्या पलटणीबरोबर सराव हाय आमचा."

"कसला सराव?"

"अतिरेकी एकांद्या घरात शिरला तर दोगांनी मिळून कसा धरायचा, त्याचा. त्येंचं सरकार आन् आपलं सरकार शेजारी न्हवं का? मधी कुंपण न्हाई. चोर कुणाच्याबी परसात उतरंल."

रहिमतबीचा अडकित्ता थांबला. "मंजी आमच्या गल्लीवानीच म्हन की. चोर आला की दोनी घरांनी उठायचं. त्यात सराव तो कसला करायचा?"

"चाची, त्येंची बोली येगळी, आपली येगळी. आपुन ‘पळ’ म्हनावं आन् त्येनं ‘बस’ समजावं. मग चोर न्हाई मरत, आपुनच मरतो."

"मग लिहून घे बाबा," रहिमतबी म्हणाली, "समदं लिहून घे. मला लिहिता येत न्हाई म्हनून माझं समदं डोस्क्यात ठेवावं लागतं, आन् डोस्कं आता गळायला लागलंय."

गळतंय कसलं? पन्नास वर्षांपूर्वी कुणी हळदीला काय दिलं ते तिला आजही तोंडपाठ आहे.

अशी मी हिमालयाच्या पायथ्याशी गेले. थंडी एवढी की माझी खळसुद्धा कडकडायची. तिथं नेपाळी पलटणीतला एक जवान महेंद्रच्या जोडीला दिला होता, टेकबहादुर त्याचं नाव. दोघं जेवायला एकत्र, पहाऱ्याला एकत्र. मधल्या वेळात मी दोघांच्या गुडघ्यावर. टेकबहादुर सांगायचा, महेंद्र लिहायचा.

"ढोका," टेकबहादुर दाराकडं बोट करून म्हणाला.

"धोका? कुठं?" महेंद्र एकदम आडवा.

टेकबहादुर हसून हसून लोळला. त्यांच्यात ढोका म्हणजे दार. ‘नचल’ म्हणजे हलू नकोस. ‘लुकेर बस’ म्हणजे लपून बस. ‘घर घेर’ म्हणजे घराला वेढा घाल. ‘हात माथि’ म्हणजे हात वर. ते ऐकून महेंद्रनं आधी आपले दोन्ही हात डोक्यावरच ठेवले होते, आपल्यात माथा म्हणजे डोकंच की! आणि भात म्हणजे भात. हा शब्द आला तेव्हा दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. महेंद्रनं तोसुद्धा लिहून घेतला. लिहायची काही गरज नव्हती, पण घेतला.

आता ऐका, खरी गंमत पुढंच आहे.

आपली सातारा-सांगलीकडची माणसं घरात ‘व्हय’ म्हणतात. पण साहेबासमोर उभं राहिलं की जिभेला इस्त्री करतात. मग व्हयचं ‘होय’ होतं. आणि फारच पटवून सांगायचं असलं की ‘होय ना!’ महेंद्रही तसाच. वायरलेसवर मोठे साहेब ऐकत असणार म्हणून त्याचं बोलणं त्या दिवशी अगदी कडक इस्त्रीचं.

सराव असा होता. लाकडी फळ्यांचं एक घर, आत खोटा अतिरेकी. टेकबहादुर पुढं जाऊन बघणार आणि मागं महेंद्रला कळवणार. महेंद्रनं विचारलं, "घर खाली हो?" म्हणजे घर रिकामं आहे का?

पलीकडून टेकबहादुर कुजबुजला, "होइन."

महेंद्रला वाटलं, हा माझ्याकडून शिकला की काय! होय ना म्हणतोय, म्हणजे घर रिकामं. उठला आणि सरळ आत शिरला. आत पलटणीचा आचारी अतिरेकी होऊन बसला होता. त्यानं ठो केलं आणि आमचा नायक मेला. नियमाप्रमाणं मेलेल्यानं सराव संपेपर्यंत उठायचं नसतं. दोन तास तो मातीत पडून होता आणि मी त्याच्या खिशात. आचारी शेजारी बसून विचारत होता, "नायकसाब, मरने के बाद चाय चलती है क्या?"

होइन म्हणजे नाही. नेपाळीत ‘नाही, तसं नाही’ म्हणायचं असलं की होइन. आपलं होय ना म्हणजे दोन वेळा हो, आणि त्यांचं होइन म्हणजे सरळ नाही. कानाला दोन्ही जुळ्या बहिणी.

त्या दिवशी महेंद्रनं मला उघडून पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, होइन म्हणजे नाही. सराव संपला, दोघांची वाट वेगळी व्हायची वेळ आली, तेव्हा टेकबहादुरनं मला मागून घेतलं आणि अगदी शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं. लिहिताना तो हसत होता, पण पेन फार दाबत होता. काय लिहिलं ते मला कळलं नाही. दाब तेवढा कळला.

नंतर महेंद्रच्या खिशात माझी पाठ फाटली, पुठ्ठा सुटला. दोन वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मला पुन्हा जाफरच्या हातात ठेवलं.

"हिला नीट कर. आपल्या मत्याला द्यायची हाय."

मतीन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि काठमांडूला निघाला होता. खानापूर-विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर पांगलीत, काही नेपाळातही आहेत. त्यांतले एक गुंडाशेठ. विट्याचे, सरळ, हसऱ्या तोंडाचे, जाफरच्या ओळखीचे. त्यांनी निरोप धाडला होता, पोरगा हुशार आहे, पाठवा, काम शिकवतो.

जाफरनं मला बापाच्या हातानं दुरुस्त केलं. जुना दोरा काढला, नवा घातला, पाठीवर पट्टी मारली. आणि जे कुठलाही चांगला बाइंडर करतो तेच केलं. पुठ्ठा परत सुटू नये म्हणून माझं शेवटचं पान भरपूर खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं. त्यावर काही लिहिलंय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याची नजर शिवणीवर होती. टेकबहादुरची अक्षरं खळीखाली गेली. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठं?

निघताना रहिमतबीनं मतीनच्या दंडाला तावीज बांधला. चंद्राबाईनं चटणी-भाकरीचं गाठोडं दिलं. महेंद्रनं पहिलं पान उघडून दाखवलं. "हे पाठ कर. होय ना म्हनायचं न्हाई. नुसतं हो म्हनायचं."

"एवढं काय काका, ध्यानात राहील," मतीन म्हणाला.

राहिलं नाही.

त्या आठवड्यात दोन्ही सरकारांच्या मोठ्या माणसांची बैठक झाली होती. एकमेकांच्या मुलखात लपणारी माणसं मिळून धरायची असं ठरलं होतं. इकडची नावं तिकडं गेली, तिकडची इकडं आली. त्या यादीत एक मतीन होता. आडनावसुद्धा जुळत होतं. चांगल्या कामासाठी टाकलेलं जाळं हो ते, त्यात काही वावगं नाही. पण जाळ्याला मासा ओळखता येत नाही, तो कोळ्यालाच ओळखावा लागतो.

सरहद्दीपलीकडच्या चौकीत एक साहेब बसले होते. डोळे थकलेले, समोर चहाचा पेला. त्यांनी मतीनचं ओळखपत्र घेतलं, यादी बघितली, पुन्हा ओळखपत्र बघितलं.

"मतीन तपाईं हो?" म्हणजे मतीन तुम्हीच का?

शेवटचा ‘हो’ कानावर पडला आणि मतीनला वाटलं, अरे, हे तर आपलंच बोलणं! साहेबासमोर उभा, जिभेला इस्त्री झालेली. तो मोठ्यानं म्हणाला, "होय ना, साहेब!"

साहेबांची मान वर झाली. हातात मतीनचा फोटो असलेलं कार्ड, आणि हा म्हणतो मी मतीन नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मतीनला वाटलं यांचा विश्वास बसत नाही. त्यानं छातीवर हात मारला. "होय ना! होय ना!"

छातीवर हात मारून पोरगा स्वतःचं नाव नाकारत होता आणि त्याला वाटत होतं आपण खरं बोलतोय.

मग साहेब हिंदीत आले. "किसके पास जा रहे हो?"

"गुंडाशेठ के पास."

खोलीतल्या सगळ्यांच्या माना मतीनकडं वळल्या. आपल्याकडं गुंडा हे देवाधर्माचं, साधंसुधं नाव. पण त्या मुलखात गुंडा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मतीननं दिलेल्या नंबरवर साहेबांनी फोन लावला. पलीकडून मोठ्या मायेचा, खणखणीत आवाज आला, "हॅलो, मैं गुंडा बोल रहा हूँ! लडका पहुँच गया क्या?"

साहेबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला.

त्यानंतर झडती. आणि खिशातून निघाले मी.

लिपी दोघांची एकच, म्हणून साहेबांना सगळं वाचता आलं. वाचता आलं तेच वाईट झालं. ते एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेले. हलू नकोस. हात वर. लपून बस. घराला वेढा घाल. किती जण आहेत. प्रत्येक शब्दासरशी मतीनचा चेहरा उतरत होता. शेवटी त्यांनी माझं पहिलं पान उघडून मतीनसमोर धरलं.

"इथं लिहिलंय, होइन म्हणजे नाही. म्हणजे तुला माहीत होतं."

"साहेब, ही वही महेंद्रकाकांची... ते फौजेत आहेत... नेपाळच्या जवानाबरोबर..."

"सगळे असंच काहीतरी सांगतात," साहेब म्हणाले. रागानं नाही, दमून. "खरं असेल तर कळेल. तोवर बस."

ज्या पोराला मी सांभाळायचं, त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभी राहिले. मला एका पाकिटात घातलं, वर नंबर टाकला. पाकिटात गेल्यावर मला एवढंच कळत होतं, की माझं शेवटचं पान पुठ्ठ्याला घट्ट चिकटलंय, आणि त्याच्याखाली मतीनची सुटका आहे की नाही हेही मला माहीत नाही.

एक मात्र सांगते. त्या चौकीत त्याला कुणी बोट लावलं नाही. दुपारी पहारेकऱ्यानं ताट आणून ठेवलं आणि खुणेनं विचारलं, "भात?"

"भात," मतीन म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. एवढ्या परक्या मुलखात तेवढा एक शब्द आपला निघाला होता.

इकडं कराडात काय झालं ते मला मागाहून कळलं. रहिमतबी ते इतक्या वेळा सांगते की मी तिथंच होते असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फौजदार जयराज आणि हवालदार केरबा दुकानासमोर आले. नेपाळनं दिल्लीला विचारलं होतं, दिल्लीनं मुंबईला, मुंबईनं साताऱ्याला, आणि साताऱ्याचा कागद कराडला आला होता. हा मतीन कोण, घरचे कोण, वही कुणाची.

रहिमतबीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फौजदारसाब, ह्यो केरबा ल्हान असताना माझ्या दारातल्या पेरूवरनं पडला हुता. हाड मी बसवलंय त्येचं. इचारा त्येला, माझा नातू कसा हाय ते."

केरबा खाली बघत म्हणाला, "साहेब, चाचीचा नातू मुंगीसुद्धा मारायचा नाही."

"मला पटतंय हो," जयराज म्हणाले, "पण दोन सरकारांच्या कागदावर ‘मला पटतंय’ असं लिहिता येत नाही. पुरावा लागतो. वही त्या महेंद्रची आहे हे त्यानं सांगायला हवं."

महेंद्र तेव्हा बर्फात, जिथं आठ-आठ दिवस फोन लागत नाही. मग चंद्राबाई उठली. बाई पलटणीच्या नंबरवर दिवसभर फोन लावत बसली. ज्यानं उचलला त्याला एकच सांगायची, "मी नायक महेंद्रची आई बोलतीया. मला लेकाची खुशाली नको. तो बरा असंल. मला जाफरच्या पोराची खुशाली पायजे. त्येला म्हनावं, वहीचं काय ते सांग!"

रहिमतबीनं त्या दिवसांत अडकित्त्याला हात लावला नाही. चंद्राबाई चहा घेऊन यायची, तो तसाच गार व्हायचा.

"आवं, घोटभर तरी घ्या. तुमी पडला तर पोरगं आल्यावर कुणाच्या गळ्यात पडंल?"

"चंद्रे, पोरगं येतंय का गं?"

"न्हाई आलं तर मी जाऊन आनते. त्येंच्यात घर घेर म्हंत्यात न्हवं? घेरते मी चौकी."

रहिमतबी एवढ्या दुःखातही फिसकन् हसली. चंद्राबाईनं तेवढ्यात पेला तिच्या तोंडाला लावला.

सहाव्या दिवशी महेंद्रचा फोन आला. वाऱ्यानं अर्धे शब्द उडत होते. "जाफऱ्या... शेवटचं पान... टेकबहादुरनं लिहून दिलंय... त्येचं नाव, पलटन, समदं हाय... शेवटचं पान बघा म्हनावं!"

जाफरनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला. "म्हेंद्रा... ते पान तर मीच चिकटवून टाकलं गड्या. ह्या हातानं."

रहिमतबीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "रडतुयास काय मेल्या? लावलेली खळ सुटत न्हाई व्हय? आयुष्यभर काय केलंस मग?"

जाफर तसाच कराडच्या पोलीस चौकीवर पळाला. आणि मग जे झालं तसं मी तरी कुठं ऐकलं नाही. फौजदार जयराज लिहायला बसले आणि जाफर सांगायला. फडकं सुती घ्यावं. पाणी कोमट, उकळतं नको. फडकं पिळून पानावर ठेवावं, दहा मिनिटं हात लावू नये. खळ मैद्याची आहे, आपोआप सुटेल. कोपऱ्यातून उचलावं. काही झालं तरी ओढू नये.

"ओढू नये, हे दोनदा लिहा साहेब," जाफर म्हणाला. "घाईत माणूस ओढतोच."

जयराजांनी दोनदा लिहिलं. तो कागद कराडहून साताऱ्याला, साताऱ्याहून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला, दिल्लीहून काठमांडूला आणि तिथून सरहद्दीवरच्या त्या साहेबांच्या टेबलावर गेला. वाटेत किती मोठमोठ्या माणसांनी वाचला असेल. एकानंही ‘ओढू नये’ खोडलं नाही. दोन देशांच्या सरकारांनी आमच्या जाफरची खळ एवढी जपून नेली, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

नवव्या दिवशी माझं पाकीट उघडलं. साहेबांनी स्वतःचा रुमाल घेतला, चहाच्या किटलीशेजारचं कोमट पाणी घेतलं, पिळून माझ्या अंगावर ठेवलं. मग घड्याळाकडं बघत बसले. पहारेकरी दारात गोळा झाले. ती ऊब माझ्यात उतरत गेली आणि मला वाटलं, जाफरचाच हात आहे. खळ हळूहळू सैल झाली. साहेबांनी कोपरा उचलला. ओढलं नाही.

पान सुटलं. शाई थोडी फुटली होती, पण टेकबहादुरनं पेन दाबून लिहिलं होतं ना, ते कामी आलं. साहेबांनी वाचलं, "मेरो भाइ महेन्द्र ‘होय ना’ भन्छ। त्यो ‘हो’ हो, ‘होइन’ होइन।"

माझा भाऊ महेंद्र होय ना म्हणतो. ते ‘हो’ आहे, ‘नाही’ नव्हे.

त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांची जीभच अडकली आणि ते हसायला लागले. पहारेकरी हसायला लागले. खाली टेकबहादुरचं नाव होतं, पलटण होती. तासाभरात तो फोनवर सापडला. मतीन महेंद्रच्या घरातलं पोरगं आहे म्हटल्यावर त्यानं चौकीतल्या साहेबांनाच दटावलं म्हणे, की त्याला आधी जेवू घाला. त्याच टपालाच्या पिशवीत साताऱ्याहून दुसराही कागद आला होता. यादीतला मतीन पन्नाशीचा, त्याचा बाप वेगळा, गाव वेगळं. नाव तेवढं एक.

साहेबांनी मतीनला समोर बसवलं. विचारलं, "मतीन तपाईं हो?"

मतीन अगदी हळू म्हणाला, "हो."

साहेबांनी त्याच्या हातात मला ठेवलं. "ही सांभाळ," म्हणाले. "आणि त्या शेठना सांग, नेपाळात नाव बदलून घ्या."

आता माझं काय झालं ते आधी सांगून टाकते, गोड घास शेवटी ठेवावा म्हणून. माझ्या पुठ्ठ्यावर दोन शिक्के आहेत, एक तिकडचा, एक इकडचा. शेवटचं पान आता मोकळं आहे, जाफरनं त्याच्या मागं कोरं पान लावून ते चिकटवलंय. महेंद्रच्या पलटणीनं पुढच्या सरावासाठी माझ्यासारख्या साठ वह्या जाफरकडून करून घेतल्या. जाफर आता कुठलंही पान चिकटवण्याआधी दोन्ही बाजूंनी बघतो. मतीन पुढच्याच महिन्यात पुन्हा निघाला, गुंडाशेठ स्वतः त्याला न्यायला सरहद्दीवर आले आणि चौकीत सगळ्यांना चहा पाजून गेले. नाव काही त्यांनी बदललं नाही. मतीन भट्टीपुढं बसून काम शिकतोय आणि सणाला टेकबहादुरच्या घरी जेवतोय. मी म्हातारी झालेय, शिवण पुन्हा सैल होतेय. तुम्हाला एकच मागणं आहे माझं. शेजाऱ्याचा एखादा शब्द चुकीचा ऐकू आला तर लगेच दार लावू नका. कोमट पाणी घ्या, फडकं ठेवा, थोडं थांबा. ओढू नका.

आणि आता तो घास.

मतीन सुटला आणि रेल्वेनं कराडला उतरला. भर दुपारची वेळ होती. रहिमतबी उंबऱ्यातच होती. फौजदार आले त्या दिवसापासून ती तिथून हलली नव्हती. उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाकडं तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. पोरगं वाळलेलं, दाढी वाढलेली. मी त्याच्या खिशात होते.

"कोन हाय? मत्या, तूच का रं?"

मतीनच्या ओठांवर होय ना आलं आणि त्यानं ते परत गिळलं. त्या एका शब्दानं त्याला नऊ दिवस बसवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "हो."

रहिमतबी जागची हलली नाही. "हो? आसं सायबावानी हो म्हनतंय ते माझं न्हवं. माझा मत्या आसं बोलत न्हाई. कोन हायेस तू?"

चंद्राबाई मागं उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मतीननं एकदा खाली बघितलं, एकदा आजीकडं. मग जिभेची सगळी इस्त्री मोडून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला,

"व्हय ना दादी! मीच हाय की!"

तिनं त्याला असं कवळलं की खिशात माझी दोन पानं दुमडली. ती अजून दुमडलेलीच आहेत, मी सरळ करू देत नाही. मग तिनं अडकित्ता मागवला, सुपारी कातरली आणि पहिलं खांड चंद्राबाईच्या हातावर ठेवलं. जाफरच्या घरात हरवलेलं माणूस आलं, शब्द आला, अडकित्त्याचा आवाज आला. चार कोसांवरचे असोत की चारशे कोसांवरचे, सगळ्या शेजाऱ्यांच्या घरात असंच येवो.